तडे बुजवण्याच्या विद्येची कुळकथा

गच्चीला, जिन्याला किंवा अंगणातल्या कोब्याला तडा गेला की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला असतो: सिमेंट कालवायचे आणि भेगेत दाबून भरायचे. एक पावसाळा सरतो आणि तीच रेघ त्याच जागी पुन्हा उमटते. मग गवंड्याच्या हाताला किंवा सिमेंटच्या प्रतीला बोल लावला जातो. पण या विद्येचा इतिहास निराळेच सांगतो. तडे बुजवण्याची एकेक रीत एकेका ठरावीक दुखण्यावर उतारा म्हणून जन्माला आली. दुखणे न ओळखता नुसती रीत उचलली, तर उत्तम कारागीरही हरतो.

या कथेची सुरुवात चुन्यापासून करावी लागते. आपले किल्ले आणि वाडे घाणीत मळलेल्या चुन्यात बांधलेले आहेत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो, इमारतीची बारीकशी हालचाल सोसतो आणि पाण्यात थोडा विरघळून बारीक भेगांमध्ये पुन्हा साकळतो. चुन्याचा हा गुण रोमन काँक्रीटमध्येही दिसतो. त्यात चुन्याचे पांढरे खडे आढळतात. ते निष्काळजी कालवणीचे लक्षण मानले जात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्या पद्धतीने, कळीचा चुना घालून नमुने केले गेले आणि त्यांत अर्धा मिलिमीटर रुंदीची भेग पाडून तीतून पाणी वाहू दिले. दोन आठवड्यांत भेग मिटली. कळीचा चुना न घातलेल्या नमुन्याची भेग मिटलीच नाही. बारीक तड्यांची दुरुस्ती तेव्हा बांधकामाच्या मालातच अंतर्भूत होती.

ती सोय पुढे सुटत गेली. १८२४ मध्ये लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. १८६७ मध्ये फ्रान्समधल्या जोसेफ मोनिए या माळ्याने लोखंडी जाळी घातलेल्या कुंड्यांचे. सिमेंट आणि लोखंडाच्या या जोडीने मोठे गाळे आणि पातळ छते शक्य केली, पण सोबत दोन नवी दुखणी आली. पहिले आकसण्याचे: काँक्रीट वाळताना आकसते, आणि त्याची ताण सोसण्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण एक दशांशच असल्याने ते तडकते. दुसरे गंजाचे: ताज्या काँक्रीटमधला अल्कलीपणा सळईला जपतो, पण चुन्याला पक्के करणारा कार्बन डायऑक्साइडच हा अल्कलीपणा मारतो. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर खारी हवा त्यात भर घालते. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो.

उपायांची कुळे पाहिली की दुखणे आणि उपाय यांचा संबंध आणखी स्पष्ट होतो. ग्राउटिंगचा उगम १८०२ मधला आहे. फ्रेंच अभियंता शार्ल बेरिन्यी यांनी दिएप बंदरातल्या बांधकामाच्या पायाखाली पंपाने भरण ढकलले, कारण तिथे दुखणे पोकळीचे होते. गनायटिंगचे मूळ १९०७ मध्ये शिकागोला सापडते. तिथल्या संग्रहालयाची विस्तीर्ण दर्शनी भिंत खराब झाली, तेव्हा प्राण्यांचे नमुने घडवणारे कार्ल एकली यांनी दाबाच्या हवेने गिलावा फवारणारे यंत्र बनवले. एपॉक्सीच्या जनकांपैकी एक, स्विस रसायनतज्ज्ञ पिएर कास्तां, दातांच्या कवळीसाठी साहित्य शोधत होते. एपॉक्सीची पकड काँक्रीटपेक्षाही बळकट असते, म्हणून स्थिरावलेला तडा सांधायला ते उत्तम. पण तडा अजून उघडमीट करत असेल, तर एपॉक्सी जागेवर राहते आणि शेजारचे काँक्रीट नव्याने तडकते. अशा भेगेला लवचीक सीलंटच लागते.

कोणी म्हणेल, मग चुन्याकडेच परत जावे. जुन्या वाड्याच्या डागडुजीत ते योग्यच आहे. तिथे सिमेंटचा गिलावा भिंतीतली ओल कोंडून नुकसान करतो. पण लोखंडी सळईच्या स्लॅबचा भार चुन्याला पेलणार नाही. दुसरा आक्षेप असा, की केसाएवढ्या रेघेसाठी एवढा विचार कशाला? गिलाव्यातली वाढ थांबलेली रेघ पुट्टीने खरोखरच बुजते. मात्र वाढ थांबली आहे, हे पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि खालची सळई गंजत असेल तर पुट्टी तो धोका फक्त झाकते.

म्हणून तडा दिसला की आधी त्याच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करा, तारीख लिहा आणि एक ऋतू जाऊ द्या. मात्र तडा तुळईत किंवा खांबात असेल, तांबूस डाग दिसत असेल किंवा काँक्रीट ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर थांबू नका. थेट स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा. माल विकत घेण्याची वेळ त्यानंतरच येते.