पणजोबांचे नाव शोधताना

जातपडताळणीसाठी पणजोबांचा कागद आणा म्हटले की आपल्या घरात एकच धावपळ उडते. तहसीलीत जा, कोतवाल बुकाची नक्कल काढा, शाळेचा जुना दाखला शोधा. एवढे करून नाव सापडले की जीव भांड्यात पडतो. असाच शोध सातासमुद्रापलीकडे अमेरिकेच्या दक्षिण भागातले कृष्णवर्णीय बांधव घेत आले आहेत. त्यांची वाट मात्र फार बिकट आहे.

मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया या राज्यांतल्या कापसाच्या शेतांवर त्यांचे पूर्वज गुलाम म्हणून राबले. १८६० च्या शिरगणतीत अमेरिकेत सुमारे ३९ लाख ५० हजार गुलाम मोजले गेले. पण यादीत नाव लिहिले ते मालकाचे. गुलामापुढे नुसते वय, लिंग आणि रंग! १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा कुठे १८७० च्या शिरगणतीत या माणसांची नावे इतर नागरिकांप्रमाणे लिहिली गेली.

म्हणून शोध घेणारा आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारतो. घरच्या बायबलात जन्ममृत्यूच्या नोंदी असतील तर त्या पाहतो, खेड्यातल्या चर्चची दफनभूमी धुंडाळतो. मग एकेक शिरगणती मागे जातो. १८९० चे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत व त्यानंतर नष्ट झाले, त्यामुळे तिथे वीस वर्षांची उडी घ्यावी लागते. १८८० च्या यादीत कुटुंबप्रमुखाशी नाते लिहिलेले असते, १८७० च्या यादीत तेही नाही. त्याच्या मागे भिंतच लागते.

ही भिंत ओलांडायची तर मालकाच्या घराण्याचे कागद काढावे लागतात. त्याचे मृत्युपत्र, त्याच्या मालमत्तेची यादी. त्या यादीत घोडे, खेचरे, गाई-बैल यांच्याबरोबर माणसांची नावे आणि समोर किंमत. आपल्या पणजीचे नाव असे वाचताना त्या माणसाला काय वाटत असेल, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

पण त्या लोकांनी स्वतःही आपल्या माणसांचा माग सोडला नव्हता. मुक्त झालेल्यांसाठी १८६५ साली निघालेल्या बँकेत खाते उघडताना पुष्कळांनी आईबाप, भावंडे यांची नावे सांगितली. बँक १८७४ साली बुडाली, गरिबांचे पैसे अडकले, पण ती नावे आज उपयोगी पडतात. न्यू ऑर्लिन्सच्या एका ख्रिस्ती वृत्तपत्रात १८७७ पासून ‘हरवलेले आप्त’ असे सदर चाले. विकली गेलेली आई, ताटातूट झालेला भाऊ कुठे आहे, असे लोक विचारीत. पाळकांनी ही पत्रे चर्चमध्ये वाचून दाखवावीत, अशी विनंती त्यात असे. १९७६ साली अ‍ॅलेक्स हॅले यांचे ‘रूट्स’ आले आणि हा शोध घरोघरी पोहोचला.

आमचा आणि या बांधवांचा संबंध जुना आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये शिकले. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. १९७२ च्या दलित पँथरने तर नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले.

भीमा कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ अशा शेवटाची नावे कोरलेली आहेत, म्हणून ते वीर आज आपल्याला ठाऊक आहेत. पण तराळकी करणारा, मेलेली ढोरे ओढणारा, मुंबईच्या गिरणीत राबणारा आपला पणजोबा कोणत्या दगडावर आहे? आणि पणजीचे नाव? तिच्या माहेरचे गाव? कागद नसेल तर ते फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे, आणि म्हातारी माणसे एकेक करून जात आहेत.

तेव्हा आमची एवढीच विनंती. या वर्षावासात घरोघरी एक वही घाला. आजी-आजोबांजवळ बसा, विचारा आणि लिहून ठेवा. सरकारी दाखल्यासाठी नव्हे, आपल्या नातवंडांसाठी.

जय भीम!