हस्तकौशल्य आणि हस्तसंयम : मोठ्या आतड्यातील पॉलिपांच्या छेदनाचे शिक्षण

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय ‘योग्यासूत्रीय’ या नावाने ओळखला जातो. ‘योग्या’ हे येथे स्त्रीलिंगी नाम असून त्याचा अर्थ सराव, हाताला लावलेले वळण, असा आहे. मराठीने ‘योग्य’ हे विशेषण ठेवले, हे नाम मात्र टाकून दिले. शिष्याने छेदनाचा सराव कोहळा, दुधी भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करावा. भेदनासाठी पाण्याने वा चिखलाने भरलेली कातडी पिशवी घ्यावी. शिवण जाड व तलम वस्त्रांवर घालावी. अग्निकर्म मऊ मांसखंडांवर करावे, असे तेथे सांगितले आहे. शास्त्र अवगत असूनही ज्याने असा सराव केला नाही, तो प्रत्यक्ष कर्मास अपात्र ठरतो. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ मध्ये आयुर्वेद महाविद्यालय स्थापन केले. त्या परंपरेत वाढलेल्या विद्यार्थ्यांना हा अध्याय अपरिचित नाही. शिकणाऱ्याचा हात प्रथम कशावर चालावा, या त्यातील प्रश्नाचे आजच्या एका अत्यंत आधुनिक शस्त्रकर्माशी निकटचे नाते आहे.

मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरावर जी वाढ उद्भवते तिला पॉलिप म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘अनेक पायांचा’ असा होतो. मराठीत त्यास सर्वमान्य प्रतिशब्द रूढ झालेला नाही. ‘गाठ’ म्हटले की रोगी भयभीत होतो, आणि ‘कोंब’ म्हटले की तो मूळव्याध समजून निश्चिंत होतो. ही दुसरी समजूत अधिक घातक होय. कारण शौचावाटे पडणारे रक्त मूळव्याधीचेच, असे गृहीत धरून वर्षे निघून जातात. सर्वच पॉलिप कर्करोगात परिणत होत नाहीत. परंतु मोठ्या आतड्याचे बहुतेक कर्करोग अशाच वाढीतून कालांतराने निर्माण होतात. म्हणून वाढ वेळीच काढणे हा प्रतिबंधाचा मार्ग ठरतो.

या मार्गाचा इतिहास फार जुना नाही. १९५४ मध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबात जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते हे दाखविले. १९५७ मध्ये बेसिल हर्शोविट्झ यांनी त्या तत्त्वावर लवचिक जठरदर्शक वापरात आणला. पुढे १९६९ मध्ये न्यूयॉर्क येथे हिरोमी शिन्या यांनी लवचिक दुर्बिणीतून तारेचा फास सोडून, विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने पॉलिप कापला. शिन्या व त्यांचे सहकारी विल्यम वुल्फ यांनी त्या अनुभवाचा वृत्तांत १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यापूर्वी सरळ, ताठ नळीच्या टप्प्यापलीकडील पॉलिपासाठी पोट उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

देठ असलेला पॉलिप फासात सापडतो. खरी कसोटी लागते ती वीस मिलिमीटर वा त्याहून मोठ्या, सपाट पसरलेल्या वाढीपुढे. आतड्याची भिंत अवघी काही मिलिमीटर जाड. तिला छिद्र पडले तर प्राणावर बेतते. म्हणून वाढीच्या खाली रंगमिश्रित द्रव टोचून ती वर उचलली जाते, आणि मग फासाने अखंड अथवा तुकड्या-तुकड्यांनी कापली जाते. तुकड्यांनी कापताना कडेस थोडा अंश राहिला तर वाढ पुन्हा उगवते. ऑस्ट्रेलियात मायकेल बोर्क आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, कापल्यानंतरची कड उष्णतेने जाळल्यास पुनरुद्भवाचे प्रमाण २१ टक्क्यांवरून सुमारे ५ टक्क्यांवर आले. एवढ्याशा कृतीने एवढे अंतर पडावे, हे शिक्षकाने विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आज या कर्माचा प्रथम सराव यांत्रिक प्रतिकृतींवर आणि मृत डुकराच्या आतड्यावर करविला जातो. कोहळ्याची जागा आतड्याने घेतली, तत्त्व तेच राहिले. परंतु मृत आतडे आकुंचन पावत नाही, त्यातून रक्तही येत नाही; त्यामुळे अखेरचे शिक्षण जाणत्याच्या देखरेखीखाली जिवंत रोग्यावरच व्हावे लागते. त्यासाठी रोगी पुरेसे असावे लागतात.

नगर जिल्ह्याचा विचार येथूनच वेगळा होतो. साखर कारखानदारीतून उभ्या राहिलेल्या प्रवरा परिसरात, लोणी येथे १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. जिल्ह्याच्या ग्रामीण भागातच डॉक्टर घडू लागले. परंतु भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी, ग्रामीण भागात त्याहूनही कमी. शिवाय निरोगी माणसांची आतडी तपासण्याची राष्ट्रीय योजना नाही. मुंबई-पुण्याहून हे कौशल्य शिकून आलेल्याच्या हाताला तालुक्याच्या गावी काम मिळणार किती? आणि वर्षातून क्वचित चालणारा हात धोक्याचाच.

तेव्हा जिल्ह्यातील डॉक्टरला प्रथम जे शिकवावयाचे ते कापणे नव्हे, न कापणे होय. मोठी सपाट वाढ दिसताच उत्साहाने तिचे अर्धवट तुकडे काढले, तर खाली व्रणाचे तंतू घट्ट होतात. नंतर द्रव टोचूनही वाढ वर उचलली जात नाही, आणि जे काम दुर्बिणीतून झाले असते त्यासाठी पोट उघडावे लागण्याचा संभव वाढतो. जाणकारांचे मार्गदर्शन असे की वाढीचे नीट छायाचित्र घ्यावे, आकार व स्थान नोंदवावे, आणि अनुभवी हाताकडे रोगी पाठवावा.

या जिल्ह्यात असे शिक्षण अपूर्व नाही. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये कार्य आरंभिले आणि गावोगावच्या स्त्रियांना, त्यांतील कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून घडविले. आपल्या हातून काय होईल, आणि कोणती बाळंतीण विलंब न लावता दवाखान्यात धाडावी, या दोन्ही गोष्टी त्या शिकल्या. पुन्हा पुन्हा केंद्रावर येऊन, अनुभव सांगून शिकल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पदवीधर डॉक्टरला मात्र थांबण्याचे शिक्षण असे नियमाने कोणी देत नाही. परीक्षेत त्याला गुण नाहीत, आणि रोग्याच्या नातेवाइकांसमोर ‘हे येथे करू नये’ म्हणणे हा आपला पराभव, असे त्यास वाटते.