रक्ताची वाट आणि यकृताचा बांध

यकृताच्या जीर्ण विकाराची घरच्या माणसांस हळूहळू संवय होते. पथ्य चालू असतें, औषध चालू असतें, आणि एखाद्या रात्रीं रोग्यास अकस्मात् रक्ताची ओकारी होऊन तस्त भरतें. तें रक्त जठरांतून किंवा अन्ननलिकेंतून येतें, परंतु त्याचें मूळ यकृतांत असतें. हा रक्तस्राव आवरण्यासाठीं गेल्या सुमारें दीड शतकांत जे प्रयत्न झाले, त्यांत वैद्यकशास्त्राला एक धडा पुन्हां पुन्हां घ्यावा लागला : रक्त थांबविणें निराळें आणि रोगी वाचविणें निराळें.

जठर, आंतडीं व प्लीहा यांतून परतणारें रक्त एका मोठ्या शिरेनें यकृतांत जातें आणि तेथून हृदयाकडे निघतें. मद्यपान, काविळीचे कांहीं विषाणु किंवा यकृतांत सांचलेली चरबी यांमुळें यकृत निबर व गांठाळ होतें. या विकारास लेनेक या फ्रेंच वैद्यानें १८१९ सालीं ‘सिऱ्होसिस’ हें नांव दिलें. पात्रांत गाळ सांचला म्हणजे नदीचें पाणी जसें आजूबाजूच्या ओढ्यांत चढतें, तसें हें अडलेलें रक्त जठराच्या व अन्ननलिकेच्या नाजूक शिरांत शिरतें. त्या फुगतात, आणि एखादी फुटते.

अडलेल्या रक्तास मोठी वाट काढून द्यावी, हा विचार सुचणें स्वाभाविकच होतें. निकोलाय एक् या रशियन शस्त्रवैद्यानें १८७७ सालीं आठ कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून यकृताकडे जाणारी शीर हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेस जोडली. त्यांतील एकच कुत्रा अडीच महिने जगला. तरी ही क्रिया मनुष्यावर करण्यास हरकत नाहीं, असें त्याचें मत पडलें. १८९३ सालीं पाव्हलॉव्ह व त्याचे सहकारी यांनीं तोच प्रयोग अधिक काळजीनें केला, तेव्हां निराळेंच दिसून आलें. अशा कुत्र्यांना मांस खाऊं घातलें कीं ते बेभान होत व त्यांस झटके येत. यकृतास वळसा घालून गेलेलें रक्त निर्विष न होतांच मेंदूस पोंचत होतें.

तथापि फुटलेल्या शिरेपुढें इलाज थोडेच होते. १९४५ सालीं न्यूयॉर्क येथील ॲलन व्हिपल व आर्थर ब्लेकमोर यांनीं ही जोडणी रोग्यांसाठीं फिरून हातीं घेतली, आणि रक्त खरोखरच थांबूं लागलें. मग रक्तस्राव होण्यापूर्वींच ती करावी असा विचार निघाला. पण १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत झालेल्या तुलनात्मक चांचण्यांत रक्तस्राव टळला, आयुष्य मात्र वाढलें नाहीं. रक्तस्रावांतून वाचलेला रोगी यकृत थकून मरत होता.

दुसरा मार्ग फुटलेल्या जागींच इलाज करण्याचा. १९५० सालीं रॉबर्ट सेंग्स्टाकेन व ब्लेकमोर यांनीं दोन फुग्यांची नळी प्रसिद्ध केली. आंत फुगे फुगविले कीं शिरा दाबल्या जात. परंतु ते सोडतांच पुष्कळदां रक्त पुन्हां सुरू होई. दुर्बिणींतून शीर सुकविणारें औषध टोंचण्याची पद्धति स्वीडनमध्यें १९३९ सालींच निघाली होती. १९८० नंतरच्या दशकांत डेन्व्हर येथील ग्रेग स्टीगमन यांनीं रबराच्या कड्यानें शीर आवळण्याची युक्ति काढली, आणि अन्ननलिकेंत ती फार गुणकारी ठरली. जठराच्या वरच्या घुमटांतील शिरा मात्र जाड व खोल. तेथें टोंचलेलें औषध रक्ताच्या ओघांत वाहून जाई.

या अवघड जागेवरचा उपाय एका टाकून दिलेल्या पदार्थांतून निघाला. १९४२ सालीं बंदुकीच्या नेमासाठीं पारदर्शक प्लास्टिक शोधतांना हॅरी कूव्हर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या हातीं सायनोॲक्रिलेट हा द्रव आला. तो लागेल तेथें चिकटतो म्हणून त्या वेळीं बाजूस सारण्यांत आला. पुढें त्याच जातीचा झटपट चिकटणारा द्रव घरोघरीं पोंचला. १९८६ सालीं हाम्बुर्ग येथील निब सोहेन्द्रा यांनीं त्याचाच एक प्रकार जठरांतील शिरांत टोंचल्याचें प्रसिद्ध केलें. रक्ताशीं गांठ पडतांच तो घट्ट होतो व शीर आंतून बुजते. क्वचित् त्याचा तुकडा फुप्फुसापर्यंत वाहत जातो, म्हणून हें काम सरावलेल्या हातींच द्यावें लागतें.

कोणत्या शिरेचें भय किती, हें ठरविण्यांत भारताचाही वांटा आहे. नवी दिल्लींतील डॉ. शिवकुमार सरीन व त्यांचे सहकारी यांनीं १९९२ सालीं ५६८ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. जठरांतील शिरा अन्ननलिकेंतील शिरांपेक्षां कमी रोग्यांत फुटतात, पण फुटल्या म्हणजे रक्त अधिक जातें, असें तींत दिसलें. त्यांनीं केलेलें या शिरांचें वर्गीकरण आज जगभर वापरलें जातें.

रक्तास वाट देण्याची जुनी कल्पनाही मागें पडली नाहीं. १९८८ सालीं जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें मानेच्या शिरेंतून यकृतापर्यंत जाऊन धातूच्या जाळीची नळी बसविण्यांत आली. पोट उघडावें लागलें नाहीं. पण पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांस झालेला भ्रम येथेंही कांहीं रोग्यांस गांठतो, म्हणून रोगी निवडूनच हा उपाय करतात.

रक्त चढविण्यांतही संयम शिकावा लागला. बार्सिलोना येथील डॉक्टरांनीं २०१३ सालीं अशा व इतर जठरस्रावांच्या रोग्यांवरील चांचणी प्रसिद्ध केली. हिमोग्लोबिन ७ च्या खालीं गेल्यावरच रक्त दिलेल्या गटांत सहा आठवड्यांनीं शेंकडा ९५ रोगी हयात होते. सढळ हातानें रक्त दिलेल्या गटांत ९१.

आज अशा रोग्यास बेतानें रक्त, शिरांतील दाब उतरविणारें औषध व जंतुनाशक औषध देतात, आणि मग दुर्बिणींतून उपचार करतात. परंतु यांपैकीं एकही उपाय निबर झालेलें यकृत पूर्ववत् करीत नाहीं. रक्त थांबलें म्हणजे घरच्यांनीं सुटकेचा श्वास अवश्य टाकावा. पण उपचार संपला असें मानूं नये. दारू सोडविणें, काविळीच्या विषाणूवर औषध देणें, आणि जरूर तेथें यकृत बदलणें, हें खरें काम त्यानंतरच सुरू होतें.