पूड एका कुपीत, पाणी दुसऱ्या

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्सचा कारखाना आहे. कंपनीच्या यादीत औषधं पुष्कळ, पण मला त्यातली दोनच हवी आहेत. पहिलं म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावरचा उतारा. खेड्यापाड्यात त्याला सापाची लस म्हणतात. दुसरं ह्युमॉग. मूल राहत नसेल तर बीजकोशाला चालना द्यायला डॉक्टर जी इंजेक्शनं लिहून देतात, त्यातलं एक. दोन्हींची मांडणी एकच: रबरी बुचाच्या कुपीत कोरडी पांढरी पूड आणि सोबत काचेच्या अ‍ॅम्प्युलमध्ये ती विरघळवायचं पाणी. हा योगायोग आहे असं कुठलाही औषधवाला सांगेल. माझ्या मते ही भाऊबंदकी आहे आणि तिची वंशावळ काढता येते.

आधी माझा या भानगडीशी संबंध काय ते सांगतो. आम्ही भिलाईत कोहक्याला राहतो. माझी उभी नोकरी स्टील मेल्टिंग शॉपमध्ये गेली, औषधांशी संबंध डोकेदुखीच्या गोळीपुरता. पुतणीची ट्रीटमेंट सुरू झाली तेव्हा जावयाची सेकंड शिफ्ट होती आणि इंजेक्शन रोज रात्री ठरल्या वेळीच घ्यायचं होतं. म्हणून ती आमच्याकडे येऊ लागली. काकू अ‍ॅम्प्युल फोडून द्यायची, पुतणी पुढचं स्वतः करायची आणि मी खोक्यातला बारीक टाइपाचा कागद वाचत बसायचो. रिकामपणचे उद्योग. त्या कागदावर अंबरनाथ वाचलं आणि आठवलं की हेच नाव आपण सापाच्या औषधावर पाहिलंय. आमच्या दुर्ग जिल्ह्यात पावसाळ्यात ते औषध बघायची वेळ येतेच.

आता ह्युमॉगमधल्या औषधाची प्रसिद्ध कथा थोडक्यात. पाळी कायमची थांबली की बीजकोश दाद देत नाही, पण मेंदूखालची पियूषिका ग्रंथी हुकूम सोडतच राहते. ते न वापरलेले हुकूम, म्हणजे एफएसएच आणि एलएच ही संप्रेरकं, लघवीतून बाहेर पडतात. रोमच्या सेरोनो कंपनीतले पिएरो दोनिनी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ती लघवीतून वेगळी काढली आणि पेर्गोनाल तयार झालं. पुढे ब्रुनो लुनेनफेल्ड हे तरुण डॉक्टर कंपनीच्या दारात उभे राहिले: मला वयस्क बायकांची लघवी हवी, आणि ती पिंपांनी हवी. संचालक मंडळाने त्यांना वाटेला लावलं. लुनेनफेल्ड यांनीच नंतर सांगितलेली हकिगत अशी की, पोप बारावे पायस यांचे पुतणे प्रिन्स ज्युलिओ पाचेल्ली त्या मंडळावर होते. त्यांनी मध्ये पडून वृद्ध ननांच्या मठांची दारं उघडून दिली. मठच का? कारण गोळा केलेल्या पिंपात एका जरी गर्भवतीची लघवी मिसळली तर गर्भावस्थेचं वेगळंच संप्रेरक त्यात येऊन सगळा घाणा बिघडणार. मठात ती धास्ती नव्हती. १९६२ मध्ये इस्रायलमध्ये या औषधावरचं पहिलं मूल जन्मलं, मुलगी.

कथा झकास आहे आणि ती सांगितली की ऐकणारे खूश होतात. म्हणूनच तिचा मला थोडा राग आहे. ननांनी माल दिला हे खरं. पण रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर, उजेडात, हात धुऊन पुतणी जे करत होती, ते करणं ननांनी दिलेलं नाही. ते कुठून आलं?

ते काय होतं हे जवळून पाहिलं पाहिजे. अ‍ॅम्प्युलच्या मानेवर एक ठिपका असतो. तो आपल्या समोर धरून, मानेभोवती कापूस गुंडाळून, ठिपक्यापासून मागे रेटायचं. काकूने पहिल्यांदा चकलीचा सोऱ्या आवळावा तसा जोर लावला आणि काच चुरली. ती अ‍ॅम्प्युल गेली. नंतर तिला कळलं, जोर नाही, कोन महत्त्वाचा. जाड सुईने सलाईन ओढायचं. कुपीच्या बुचात सुई खुपसून पाणी पुडीच्या डोक्यावर न सोडता काचेच्या भिंतीवरून हळू उतरवायचं. हलवायचं नाही, खळखळवायचं तर नाहीच, कारण प्रथिन फेसाळलं की खराब होतं. कुपी तळव्यात धरून फिरवायची, की बघता बघता पांढरी वडी नाहीशी. डॉक्टरांनी दोन कुप्या सांगितल्या असतील तर पहिलीतलं तेच पाणी ओढून दुसरीत सोडायचं. म्हणजे एका मिलिलिटरात दोन कुप्यांचा ऐवज, आणि पोटात पाणी मात्र तेवढंच. मग जाड सुई काढून केसासारखी बारीक लावायची, टिचकी मारून बुडबुडे वर आणायचे, बेंबीपासून लांब पोटाची चिमूट धरायची. इथे मी बाहेर जायचो.

आणि गंमत ही की, कुपीत दिसतं ते औषध नव्हेच. पंचाहत्तर युनिट संप्रेरक इतकं थोडं असतं की डोळ्याला दिसणारही नाही. दिसते ती दुग्धशर्करेसारखी भर, औषधाला बसायला दिलेली जागा.

ही वडी साध्या वाळवण्याने होत नाही. कुरडई उन्हात वाळते तेव्हा आकसते, वेडीवाकडी होते आणि परत भिजवली तरी पहिल्यासारखी होत नाही. इथे द्रावण आधी गोठवतात, मग भोवतीची हवा उपसून जवळजवळ निर्वात करतात. बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते आणि बर्फाच्या जागा पोकळ राहतात. प्रथिन आहे त्या आकारात बसून राहतं. ओलावा नाही म्हणून नासत नाही, पोकळ्या आहेत म्हणून पाणी घातलं की क्षणात विरघळतं. निर्वाताचं मला अप्रूप नाही. भिलाईत रुळांचं पोलाद ओतण्याआधी त्यातला हायड्रोजन निर्वातातच ओढून काढतात, नाहीतर रूळ आतून तडकतात. तिथे पातळ पोलाद, इथे बर्फ, एवढाच फरक. असो, माणूस आपल्या खात्याबाहेर फार काळ राहत नाही.

पॅरिसमध्ये दार्सोंव्हाल आणि बोर्दास यांनी १९०६ मध्ये हा प्रकार करून दाखवला होता, पण तो प्रयोगशाळेपुरता. कामाचा झाला तो पेनसिल्व्हेनियात. १९३५ मध्ये फ्लॉस्डॉर्फ आणि मड यांनी सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, या पद्धतीने सुकवून कुपीत बंद करायची रीत बसवली. सीरम हा शब्द इथे नीट ऐका. घोड्याला थोडंथोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तात उतारा तयार झाला की तो काढून माणसाला द्यायचा, हा सीरमचा धंदा त्याआधी चाळीस वर्षं चालू होता. पातळ सीरमला थंडी लागते आणि साप चावतो तो बर्फाच्या कारखान्याशेजारी नव्हे. कोरडं सीरम ही त्या धंद्याची जुनी भूक होती.

मग युद्ध आलं. अमेरिकी सैन्याला आघाडीवर रक्तद्रव हवा होता आणि बाटलीतला रक्तद्रव वाटेत नासत होता. त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे एक खोकं, त्यात दोन पत्र्याचे डबे. एका डब्यातल्या बाटलीत सुकवलेला रक्तद्रव, दुसऱ्यात ऊर्ध्वपातित पाणी, सोबत नळ्या आणि सुया. तंबूत शिपायाने पाणी पुडीत सोडायचं, काही मिनिटांत रक्तद्रव तयार, आणि तो काही तासांतच वापरून टाकायचा.

माझं म्हणणं एवढंच की, पुतणीच्या हातातलं खोकं हे त्या डब्यांचं नातवंड आहे. तज्ज्ञ नसलेला माणूस, दवाखान्याबाहेर, कागदावरच्या सूचना वाचून, पूड आणि पाणी एकत्र करून लगेच टोचतो, हा विधीच मुळी युद्धाने शोधला.

यावर नागपूरच्या माझ्या साडूंचा आक्षेप आहे. त्यांचं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे ते सहज हरत नाहीत. त्यांचं म्हणणं, मूळपुरुष पेनिसिलिन. तेही युद्धात, तेही निर्वातात सुकवलेलं, तेही पूड. आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना विचारा, पाणी घालून कुपी हलवणारा कंपाउंडर सगळ्यांना आठवतो, रक्तद्रवाचे डबे कुणालाच नाही. मुद्दा वजनदार आहे. पण कंपाउंडर पाणी आपल्या कपाटातून काढायचा. कुपीबरोबर मोजून दिलेलं स्वतःचं पाणी, हे डब्यांचं लक्षण, पेनिसिलिनचं नव्हे. साडू म्हणतात, आज अँटिबायोटिकच्या खोक्यातही पाण्याची अ‍ॅम्प्युल येते. येते, पण ती मागाहून आलेली सोय आहे. शिवाय पेनिसिलिन हे बुरशीचं रसायन. ह्युमॉग आणि सापाचा उतारा ही दोन्ही जिवंत शरीरातून काढलेली नाजूक प्रथिनं. सोयरीक कुळात बघून करतात.

कुळाचा सर्वात मोठा पुरावा मात्र घोडा आहे, आणि तो मला शेवटी सापडला. ननांच्या आधी, १९३० मध्ये, कोल आणि हार्ट यांनी कॅलिफोर्नियात गाभण घोडीच्या सीरममध्ये बीजकोशाला चालना देणारं संप्रेरक शोधलं होतं. ते बायकांना देऊन पाहिलंही गेलं. म्हणजे मूल व्हावं म्हणून दिलेल्या सुरुवातीच्या इंजेक्शनांतलं एक घोडीच्या रक्तातलं होतं! फसलं ते घोड्याच्याच गुणाने: माणसाचं शरीर परक्या प्रथिनाविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं आणि पुढचे डोस फुकट जातात. सापाच्या लसीनंतर अंगावर पित्त उठतं, ताप येतो, त्यामागेही हीच परक्या प्रथिनाची चीड. स्वीडनच्या कार्ल गेम्झेल यांनी मग मृत माणसांच्या पियूषिकेतून संप्रेरक काढलं, १९५८ मध्ये त्याचा गुण दाखवला. पण त्या वाटेने काही दशकांनी मेंदूचा क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोग आला, ऑस्ट्रेलियात बायका दगावल्या; तिथे ते १९८५ मध्येच बंद झालं होतं. राहिली लघवी. घोडा या कथेतून बाहेर पडला, घोड्यासाठी सुधारलेली कुपी मात्र राहिली.

आपल्याकडे हे सगळं परळला एका हाकेच्या अंतरात भेटतं. हाफकिन संस्था, जिने सापाचा उतारा वर्षानुवर्षं बनवला (घोडे पिंपरीला), परळला. केईएम तिथेच. प्रजननावर संशोधन करणारी आयसीएमआरची संस्थाही केईएमला लागून. तिचे तेव्हाचे संचालक टी. सी. आनंद कुमार आणि केईएमच्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या कामातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा ही टेस्ट-ट्यूब बेबी जन्मली, भारतातली पहिली म्हणून गाजलेली. कोहक्यात बसून मला यात एक वेगळी मजा वाटते. आमच्या दुर्ग स्टेशनवरून हावडा-मुंबई गाड्या जातात. त्या मार्गाच्या एका टोकाला हर्षा आणि दुसऱ्या टोकाला, तिच्या आठ वर्षं आधी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात तशीच जन्मलेली दुर्गा. तिचे डॉक्टर सुभाष मुखोपाध्याय. इंग्लंडमधल्या एडवर्ड्स-स्टेप्टो जोडीने ही संप्रेरकं वापरून पाहिली, यश येईना म्हणून सोडली आणि जगातल्या पहिल्या टेस्ट-ट्यूब बेबीच्या, लुईस ब्राउनच्या, वेळी आईच्या नैसर्गिक पाळीतलं एकच बीज घेतलं. मुखोपाध्याय मात्र संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन बीजं वाढवत होते, आणि गर्भ गोठवून पुढच्या पाळीत सोडत होते. आज पुतणीच्या फाइलमध्ये जो क्रम लिहिलाय तो मुखोपाध्यायांच्या वाटेचा. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं, १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. १९९७ मध्ये त्यांचे कागद वाचून आनंद कुमार यांनीच जाहीर केलं की पहिला मान माझा नाही, त्यांचा. स्वतःच्या नावापुढचा ‘पहिला’ असा हाताने पुसणारे शास्त्रज्ञ मला फार माहीत नाहीत.

राहिला प्रश्न घराचा. मुखोपाध्यायांच्या काळात हे इंजेक्शन स्वतःचं स्वतः घेता येत नसे, कारण जुन्या पेर्गोनालमध्ये कामाचं प्रथिन शेकड्यात पाचसुद्धा नव्हतं, बाकी लघवीतला इतर गाळ. ते स्नायूत खोल टोचावं लागे, म्हणजे कमरेखाली, जिथे स्वतःचा हात पोचत नाही. नर्स हवी, नाहीतर रोज दवाखान्याची फेरी. १९९० च्या दशकात शुद्धीकरण सुधारलं, औषध कातडीखाली देता येऊ लागलं, आणि सुई मागून पुढे, पोटावर आली. त्याच दशकात सेरोनोने पेशींमध्ये बनवलेलं एफएसएच आणलं आणि पिंपांची गरजच कमी झाली. त्यातलं बरंचसं आता पेनमध्ये तयार येतं. आकडा फिरवा, टोचा, विरघळवणं नाही. पेन फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. पुडीच्या कित्येक कुप्या मात्र पंचवीस अंशांखाली कपाटातही चालतात. मे महिन्यात भिलाईत पंचवीस अंश कुठे असतात म्हणा, शेवटी आम्ही त्याही फ्रीजच्या दारातच ठेवल्या. साडूंनी तेवढ्यावरून मला फोनवर ऐकवलं की, तुमचे युद्धातले डबे फ्रीजशिवाय चालत होते ना?