बंदरापर्यंतची वाट

मराठी प्रवासवर्णनांचा अभ्यास करताना एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. परदेशाचा प्रवास बहुधा मुंबईपासून मोजला जातो. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० साली आले आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ १९६० साली. या दोन पुस्तकांनी मराठी वाचकाला परदेश पाहण्याची एक दृष्टी दिली, हे कोण नाकारील? पण हे दोन्ही लेखक मुंबईचे. बंदर आणि विमानतळ त्यांच्या शहरातच होते. ज्यांच्या दारापासून बंदर चारशे किलोमीटरांवर होते, त्यांच्या प्रवासाचा पहिला अध्याय या परंपरेत जवळजवळ लिहिलाच गेला नाही. आम्ही येथे जालन्याच्या बाजूने तो वाचू पाहतो. आमचे म्हणणे एवढेच, की येथील माणसाचा परदेशप्रवास स्वस्त की महाग, हे समुद्राने वा आकाशाने जितके ठरवले, तितकेच जमिनीनेही ठरवले.

आज जालना हा स्वतंत्र जिल्हा आहे. तो १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी तो औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता आणि १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. याचा अर्थ असा, की येथून निघालेल्या माणसाला मुंबई गाठण्यापूर्वीच एक सरहद्द ओलांडावी लागे. वाटेत करोडगिरीचे नाके असत. खिशातला हाली रुपया पलीकडे चालत नसे. शंभर कलदार रुपयांसाठी साधारण एकशे सोळा-सतरा हाली रुपये मोजावे लागत. परकीय चलनाचा पहिला व्यवहार जहाजावर चढण्याच्या कितीतरी आधी झालेला असे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. एका बाजूचे भाडे होते १,७२० रुपये. त्याच दिवसांत रझाकारांच्या जुलमाने मराठवाड्यातील अनेक कुटुंबे संस्थानाची हद्द ओलांडून आसरा शोधत होती. ‘बाहेर जाणे’ या शब्दांचा अर्थ दोन्हीकडे किती वेगळा होता!

तरीही या भागातून सामान्य माणसे परदेशी जात होती. ती शिक्षणासाठी किंवा हौसेने नव्हे, तर हजसाठी. साहित्याच्या विद्यार्थ्याने या वाटेकडे विशेष लक्ष द्यावे, कारण अल्प पैशांत केलेल्या परदेशप्रवासाचा आपल्याकडील सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा अनुभव तोच आहे. मुंबईत दलालांकडून यात्रेकरूंची होणारी फसवणूक आणि जेद्दा येथे निष्कांचन होऊन अडकणारी माणसे, या तक्रारी वाढल्यावर हिंदुस्थान सरकारने १८८६ साली हे काम टॉमस कुक कंपनीकडे सोपवले. रेल्वे आणि जहाज यांचे एकत्र तिकीट देण्याची कल्पना त्या योजनेत होती. १८९३ मध्ये कंपनीने अंग काढून घेतले. पण तेव्हा जालन्याला रेल्वेच नव्हती. हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची मीटरगेज रेल्वे आली ती १९०० च्या सुमारास. त्यानंतरही मनमाडला उतरून, सामान-सुमानासह ब्रॉडगेज गाडीत चढणे चुकले नाही. जालना ते मनमाड सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आणि तेथून मुंबई सुमारे २६० किलोमीटर. गाडी न बदलता मुंबईला पोहोचण्याची सोय १९९० च्या दशकात रूळ रुंद झाल्यावरच झाली.

मुंबईत पोहोचल्यावर मुसाफिरखान्यात दिवस काढायचे आणि मग मुघल लाइनच्या जहाजावर डेकचे, म्हणजे सर्वांत स्वस्त, तिकीट. अंथरूण-पांघरूण आपले आपण न्यायचे. १९९५ साली ही जहाजसेवा थांबली आणि विमान हाच मार्ग उरला. पुढे औरंगाबादजवळचे चिकलठाणा हेही हजचे प्रस्थानस्थळ झाले. हा विमानतळ जालना रस्त्यावरच असल्याने शतकभराची वाट अखेर संपली, असे वाटावे. पण २०२३ साली तेथून निघणाऱ्या यात्रेकरूला मुंबईच्या तुलनेत सुमारे ८८ हजार रुपये अधिक द्यावे लागले. घराजवळच्या विमानतळाची ती किंमत होती. मुंबईपर्यंतच्या रेल्वेप्रवासाला याचा अगदी किरकोळ अंशच लागतो. पण म्हाताऱ्या आईवडिलांना रात्रभर प्रवास घडवायचा, सोबतीला दोन माणसे न्यायची, त्यांची राहण्याची सोय करायची, हा हिशेब तिकिटावर छापलेला नसतो.

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांच्या घरी आज हाच हिशेब मांडला जातो. पडद्यावर सर्वांत कमी भाडे मुंबईचे दिसते, कधी हैदराबादचे. आणि जालना नेमके या दोन शहरांना जोडणाऱ्या लोहमार्गावर आहे. चिकलठाण्याहून मुंबईचे विमान वेगळ्या तिकिटावर घेतले, तर देशांतर्गत सामानाची मर्यादा आड येते. आणि ते विमान उशिरा पोहोचून पुढचे चुकले, तर पुढची कंपनी जबाबदारी घेत नाही. म्हणून जाणती माणसे आदल्या दिवशीच देवगिरी एक्स्प्रेसने निघतात. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या वेशीपर्यंत पोहोचला. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली. वाटेचे तास त्यामुळे कमी झाले. मात्र विमान पकडण्याआधीचा दिवस जालनेकराच्या हिशेबातून अद्याप गेलेला नाही.

उर्दूत हजच्या सफरनाम्यांची परंपरा समृद्ध आहे. मराठीच्या अभ्यासक्रमात प्रवासवर्णन शिकवताना तिचा उल्लेख क्वचितच होतो, आणि डेकवरून गेलेल्या बहुतेकांनी तर काही लिहूनच ठेवले नाही. त्यांच्या आठवणी घराघरांतून अजून ऐकायला मिळतात. जहाजसेवा थांबून तीन दशके लोटली, तेव्हा फार काळ मिळतील असे नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी त्या टिपून घ्याव्यात आणि त्यात मनमाडच्या फलाटाला जेद्दाइतकीच जागा द्यावी. प्रवासवर्णन कोणाचे आणि कोठून सुरू होते, हा प्रश्न त्या नोंदींपुढे ठेवून पुन्हा विचारता येईल.