डोळे मिटून धरलेला नेम

रायफल नेमबाजीत एक जुनी रीत आहे. फायरिंग लाइनवर उभं राहायचं, दस्ता खांद्यात बसवायचा, गाल टेकवायचा, डाव्या कोपराला कमरेच्या हाडाचा आधार द्यायचा आणि डोळे मिटायचे. दोन-तीन श्वास घेऊन डोळे उघडले की साईट लक्ष्याच्या जरा डावीकडे किंवा उजवीकडे सरकलेली दिसते. ती हातानं ओढून जागेवर आणायची नाही, पाय हलवायचे. कारण डोळे मिटल्यावर शरीर जिथं विसावतं, तो त्याचा खरा नेम. दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. स्नायूंच्या जोरावर ओढून धरलेली रायफल साठ छर्रे होईपर्यंत तिथं टिकत नाही.

मी पुण्यात मुलामुलींना रायफल शिकवते. नवीन मुलांकडून आम्ही आधी भरपूर ‘ड्राय’ करून घेतो. छर्रा न भरता नेम धरायचा, ट्रिगर दाबायचा आणि गोळी कुठं गेली असती ते स्वतःच सांगायचं. पुढची पायरी म्हणजे रायफलही खाली ठेवायची आणि तोच शॉट मनात मारायचा. इथं पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. एवढी फी भरून पोरगी नुसती डोळे मिटून बसते, हे त्यांना पटत नाही. त्यांच्या शंकेचं उत्तर या सरावाच्या इतिहासात आहे आणि तो इतिहास शंभर वर्षांच्या आसपासचा आहे.

१९३०च्या सुमारास शिकागोत एडमंड जेकबसन हे डॉक्टर स्नायूंच्या शिथिलीकरणावर काम करत होते. माणसाला आडवं निजवायचं, अंग पूर्ण सैल सोडायला लावायचं, दंडावर इलेक्ट्रोड लावायचे आणि सांगायचं, ‘उजवा हात वाकवतोय अशी कल्पना करा.’ हात तसूभरही हलायचा नाही, पण दंडाच्या स्नायूत अगदी बारीक विद्युत हालचाल नोंदली जायची. मला मात्र जेकबसन यांची दुसरी नोंद जास्त मोलाची वाटते. हात वाकलेला नुसता डोळ्यांसमोर आणायला सांगितलं, की हालचाल डोळ्यांच्या स्नायूंत दिसायची आणि दंड गप्प राहू शकायचा. म्हणजे पाहण्याची कल्पना वेगळी आणि करण्याची कल्पना वेगळी. मी मुलांना जे सांगू पाहते त्याचं मूळ या नोंदीत आहे.

पुढची महत्त्वाची पायरी बास्केटबॉलच्या मैदानावरची. १९६०मध्ये क्लार्क या अमेरिकन संशोधकानं शाळकरी मुलांचे गट पाडले. काहींनी एका हातानं फ्री थ्रो मारण्याचा रोज प्रत्यक्ष सराव केला, काहींनी तो फक्त मनात केला. ज्या मुलांचा हात आधीच बसलेला होता, त्यांच्यात दोन्ही गटांची सुधारणा जवळजवळ सारखी निघाली. नवशिक्यांमध्ये मात्र प्रत्यक्ष सराव करणारे बरेच पुढे गेले. यात नवल नाही. जो शॉट शरीरानं कधी अनुभवलाच नाही, तो मनात आणणार कुठून? म्हणून पहिल्या महिन्यातल्या मुलाला मी डोळे मिटून बसवत नाही. १९८३मध्ये फेल्ट्झ आणि लँडर्स यांनी असे साठ अभ्यास एकत्र तपासले. मनातल्या सरावाचा उपयोग होतो, पण तो प्रत्यक्ष सरावाची जागा घेत नाही, असाच त्या सगळ्याचा एकूण कल होता.

या सरावाला खेळाडूंच्या रोजच्या जगण्यात आणलं ते बर्फावरच्या लोकांनी, आणि गरजेपोटी. स्लॅलम स्कीइंगमध्ये शर्यतीच्या मार्गावरून आधी सराव म्हणून उतरता येत नाही. सकाळी कडेकडेनं, सावकाश घसरत फक्त पाहणी करायची. कुठला दरवाजा किती तिरका, कुठं उतार अचानक सुटतो, कुठं बर्फ कडक आहे, सगळं डोक्यात भरून घ्यायचं. मग वर सुरुवातीच्या जागी हे खेळाडू डोळे मिटून उभे असतात. तळहात डावी-उजवीकडे वळत असतात, खांदे झुकत असतात. संपूर्ण शर्यत ते तिथंच उतरून येतात. सत्तरच्या दशकात अमेरिकन स्की खेळाडूंबरोबर काम करणाऱ्या रिचर्ड सुइन यांनी एका खेळाडूच्या पायांना इलेक्ट्रोड लावले आणि त्याला शर्यत मनात उतरायला सांगितली. स्नायूंच्या आलेखावरचे चढउतार त्या मार्गाच्या वळणांशी जुळत होते.

त्याच दशकात, १९७४मध्ये, गोल्फपटू जॅक निकलॉस यांनी पुस्तकात लिहिलं की सरावातसुद्धा चित्र पाहिल्याशिवाय ते चेंडू मारत नाहीत. आधी चेंडू हिरवळीवर थांबलेला, मग त्याचा मार्ग, शेवटी स्वतःचा झोका, असा त्यांचा क्रम उलटा होता. नेमबाजाला असा उलटा क्रम मी कधीच सुचवणार नाही. त्यानं दहाचा आकडा आधी पाहिला की ट्रिगरवरचं बोट घाई करतं.

खेळागणिक चित्र बदलतं ते असं. वेल्समधल्या ल्यू हार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात कराटेचे काता, जिम्नॅस्टिक्स आणि प्रस्तरारोहण यांवर प्रयोग केले. जिथं शरीराच्या आकाराला महत्त्व आहे, तिथं स्वतःला बाहेरून, कॅमेऱ्यातून पाहिल्यासारखं पाहणं जास्त उपयोगी ठरलं. माझ्या मते आपला मल्लखांब याच गटातला, कारण पंच जे बाहेरून बघतो तेच तिथं खरं. स्कीवाल्याला समोरून येणारा दरवाजा स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवा. आणि नेमबाजाला तर बघायचं फारसं नसतंच. गालाचा दाब, पोटातून सुटणारा श्वास, बोटाखाली घट्ट होत जाणारा ट्रिगर, हेच त्याचं चित्र.

यापुढची गोष्ट बीजिंगची. २००८च्या ऑलिम्पिकमध्ये, दोन दिवसांच्या अंतरानं, दोन खेळाडूंवर एकाच प्रकारचं संकट आलं. ११ ऑगस्टला अभिनव बिंद्राला फायनलच्या आधी चाचणीचे छर्रे मारताना कळलं की रायफलची साईट हलली आहे. पात्रता फेरीत ५९६ गुणांसह तो चौथा होता आणि हाताशी वेळ अगदी थोडा होता. त्यानं साईट दुरुस्त केली आणि फायनल सुरू केली. शेवटच्या शॉटला तो आणि फिनलंडचा हेन्री हाक्कीनेन बरोबरीत होते. हाक्कीनेनला ९.७ मिळाले, अभिनवला १०.८. एकूण ७००.५ आणि सुवर्ण. १३ ऑगस्टला मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या शर्यतीत पाणी शिरलं आणि शेवटी त्याला भिंतही दिसेना. तो हाताचे फटके मोजत पोहला आणि १:५२.०३ असा विश्वविक्रम करून जिंकला. त्याचे प्रशिक्षक बॉब बोमन त्याला लहानपणापासून शर्यतीची ‘टेप’ मनात चालवायला लावत, आणि त्या टेपमध्ये सगळं बिघडलेली शर्यतही असायची.

हल्ली मुलांना सर्रास सांगितलं जातं, ‘गळ्यात पदक आहे असं डोळ्यांसमोर आण.’ पहाटे उठायला त्या चित्राची मदत होते, ते मी नाकारत नाही. पण फायरिंग लाइनवर ते चित्र कामाचं नाही. तिथं लागतो बिघडलेल्या शॉटचा सराव: श्वास लांबला, साईट डगमगली, रायफल खाली घेतली, पुन्हा सुरुवात केली. नेम तुटला की रायफल खाली घेणं हे आमच्या खेळातलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि ते मनात आधी अनेकदा केलेलं असेल तरच स्पर्धेत होतं.

म्हणून पालकांना आणि शाळांतल्या क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे. सराव संपल्यावर मुलांना लगेच घाईनं घरी नेऊ नका. दहा मिनिटं त्यांना शांत बसू द्या. आजचा एक चांगला आणि एक फसलेला प्रयत्न, दोन्ही शरीरात कसे जाणवले ते त्यांच्याकडून त्यांच्या शब्दांत ऐका. याला खर्च काहीच नाही आणि कुठल्याही खेळाच्या मैदानावर हे उद्यापासून सुरू करता येईल.