जिभेच्या उत्तरापासून गालातील पेशीपर्यंत : मानवी रुचिसंवेदनेच्या आनुवंशिक अभ्यासाची वाटचाल

प्रस्तावना

पदवी वर्गात आनुवंशिकता शिकविताना पीटीसी, म्हणजे फिनाइलथायोकार्बामाइड, लावलेली कागदाची पट्टी जिभेवर ठेवण्याचे प्रात्यक्षिक जीवशास्त्राच्या अध्यापकांना परिचित आहे. काहींना ती कडूजहर लागते, तर काहींना केवळ कोरा कागद. वर्गातील संख्येवरून जनुकांची वारंवारता काढली जाते व प्रात्यक्षिक संपते. प्रस्तुत लेखात या प्रात्यक्षिकामागील इतिहास, त्यातील मुंबईच्या संशोधकांचे कार्य आणि बीडसारख्या जिल्ह्यात गालातील पेशींचे नमुने घेताना उद्भवणारे प्रश्न यांचा विचार केला आहे. जिभेचे उत्तर माणसांचे गट पाडते, परंतु त्या उत्तराचे कारण पेशी सांगते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रारंभिक संशोधन

१९३१ मध्ये अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स यांच्या हातून पीटीसीची भुकटी हवेत उडाली. शेजारी असलेल्या सहकाऱ्यास ती अत्यंत कडू लागली. स्वतः फॉक्स यांना मात्र कोणतीच चव लागली नाही. लॉरेन्स स्नायडर व अल्बर्ट ब्लेकस्ली यांनी कुटुंबांची तपासणी केली. चव न लागणे हे अप्रभावी लक्षण असून ते मेंडेलच्या नियमानुसार पुढील पिढीत जाते, असा निष्कर्ष निघाला. सुई न टोचता, रक्त न काढता तपासता येणारे लक्षण हाती आल्यामुळे जगभर मानवसमूहांची अशी गणना सुरू झाली.

१९३९ मध्ये रोनाल्ड फिशर, ई. बी. फोर्ड व ज्युलियन हक्स्ली यांनी चिंपांझींना पीटीसीचे द्रावण पाजून पाहिले. त्यांच्यातही चव लागणारे व न लागणारे असे दोन प्रकार आढळले. यावरून हा भेद मानव व चिंपांझी यांच्या समान पूर्वजापासून चालत आला असावा, असे अनुमान त्यांनी काढले. ते पुढे अनेक वर्षे ग्राह्य मानले गेले.

मुंबईतील अभ्यास

भारतीय संदर्भात या विषयाचा विचार करताना एल. डी. संघवी व डॉ. व्ही. आर. खानोलकर यांचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांमधील सात आनुवंशिक लक्षणांची त्यांनी केलेली पाहणी १९४९-५० मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स' या नियतकालिकाच्या १५ व्या खंडात प्रसिद्ध झाली. रक्तगटांबरोबर पीटीसीची चव हेही त्यांपैकी एक लक्षण होते. त्याच खंडात हॅरिस व काल्मस यांनी चवीची संवेदनक्षमता मोजण्याची सुधारित पद्धत मांडली. पाण्याचे चार व द्रावणाचे चार असे आठ पेले व्यक्तीने चाखून वेगळे करावयाचे, अशी ती कसोटी होती. केवळ 'लागते' वा 'लागत नाही' एवढ्यावर विसंबणे पुरेसे नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

खानोलकर हे टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ होते. संघवी, राव व खानोलकर यांनी १९५५ मध्ये तंबाखू ओढणे व चघळणे यांचा अन्ननलिकेपर्यंतच्या कर्करोगांशी असलेला संबंध दाखविणारा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच संशोधकांच्या कार्यात मुखाची ही दोन रूपे दिसतात: एक वंशपरंपरेने लाभलेले, दुसरे सवयीने घडलेले. समूहाचे नाव नोंदवून या दोहोंचा उलगडा होत नाही. इरावती कर्वे यांनीही एकाच जातिनामाखालील पोटजाती ह्या एका मूळ गटाचे तुकडे असतातच असे नाही, असे आग्रहाने मांडले होते. कर्वे व मल्होत्रा यांचा समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांचा तौलनिक अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. नाव सारखे असले तरी मूळ निराळे असू शकते, हा विचार रुचिसंवेदनेच्या अभ्यासातही पुढे खरा ठरला.

पेशींची साक्ष

२००३ मध्ये उन-क्युंग किम, डेनिस ड्रेना व त्यांच्या सहकाऱ्यांनी सातव्या गुणसूत्रावरील 'टीएएस२आर३८' हे जनुक या भेदास प्रामुख्याने कारणीभूत असल्याचे दाखविले. त्यातील तीन ठिकाणच्या अमिनो आम्लांच्या फरकांमुळे 'पीएव्ही' व 'एव्हीआय' ही दोन प्रमुख रूपे होतात. पहिले चव लागणाऱ्यांचे, दुसरे न लागणाऱ्यांचे. मात्र संवेदनक्षमतेतील सर्व फरक या एका जनुकाने स्पष्ट होत नाही.

२००६ मध्ये स्टीफन वूडिंग व सहकाऱ्यांनी चिंपांझींचे हेच जनुक तपासले. त्यांच्यात चव न लागण्यास वेगळाच उत्परिवर्तनीय बदल कारणीभूत असल्याचे आढळले. फिशर यांचे निरीक्षण बरोबर होते, परंतु अनुमान चुकले होते. दोन जिभांनी एकच उत्तर दिले, म्हणून कारणही एकच असते असे नाही.

मानवाच्या बाबतीत ही तपासणी आता सोपी झाली आहे. गालाच्या आतील बाजूवर कापसाचा बोळा फिरवून, अथवा मिठाच्या पाण्याने चूळ भरून, सुट्या झालेल्या पेशींतून डीएनए मिळविता येतो. शरीरातील जवळपास सर्व पेशींत जनुके तीच असल्याने जिभेचा तुकडा काढावा लागत नाही. मात्र ते जनुक चवकलिकेत किती कार्यरत आहे हे गालातील पेशी सांगत नाही. त्यासाठी जिभेवरील अंकुरकांची ऊती काढावी लागते आणि ते काम रुग्णालयाच्या कक्षेतील आहे. शिवाय मानवात कडू चवीचे सुमारे २५ ग्राही आहेत. त्यामुळे पीटीसी न लागणाऱ्या विद्यार्थ्यास पाडव्याचा कडुलिंबही कडू लागणार नाही, असा समज करून घेणे चुकीचे आहे.

बीडच्या संदर्भात

मुंबईतील पाहणी झाली तेव्हा बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. तो १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला. महानगरातील सहा गटांचे आकडे आजच्या बीडमधील विद्यार्थ्यांना लावणे इतिहासदृष्ट्या व शास्त्रदृष्ट्याही योग्य नाही. येथे नव्याने नमुने घ्यावयाचे झाल्यास प्रश्न संमतीचा आहे. कागदाची पट्टी टाकून दिली की उत्तर तेवढेच उरते. बोळ्यावरील पेशीत मात्र विचारलेल्या एका जनुकापलीकडील बरेच काही सामावलेले असते. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिक समितीची मान्यता व माहितीपूर्वक संमती आवश्यक ठरते. ज्या जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये शासनास समिती नेमावी लागली, तेथे संमती हा केवळ सहीचा विषय राहू शकत नाही.

वर्गातील साध्या प्रात्यक्षिकातही सावधगिरी हवी. आई-वडिलांना चव लागत नाही आणि मुलास लागते, असे अपवाद आढळतात. त्यावरून पितृत्वाविषयी शंका घेणे अशास्त्रीय व घातक आहे. तसेच तक्त्यात जातीचा रकाना ठेवण्यापूर्वी त्यातून कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळणार आहे, हे अध्यापकाने स्वतःला विचारावे.

समारोप

सात दशकांच्या या वाटचालीत जिभेच्या उत्तरांनी समूहांचे तक्ते भरले, तर पेशींनी त्यांतील काही अनुमाने खोडून काढली. यामुळे संघवी-खानोलकर यांच्या कार्याचे मोल कमी होत नाही. त्यांच्या काळात उपलब्ध साधनांनी जे शक्य होते ते त्यांनी चोख केले. आज साधन अधिक सूक्ष्म आहे, त्यामुळे जबाबदारीही अधिक आहे. नमुना घेताना आपण एका गटाचा प्रतिनिधी नव्हे, तर एक व्यक्ती तपासत आहोत, हे भान विद्यार्थ्यांत रुजविता आले तर पीटीसीचे जुने प्रात्यक्षिक आजही सार्थ ठरेल.